पहिल्या पानाचा आकडा

३ मार्च

मामा,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहून पाठवलं तर माझे ह्रस्वदीर्घ पाहून तुमचा चहा कडू होतो, म्हणून सरळ कागद घेऊन बसले आहे.

आधी आईचं. पक्षाघाताने गेलेला उजवा पाय आता उचलता येतो, उजवा हात अजून नाही. तिला सगळं कळतं, पण बोलताना एकेक शब्द शोधून आणावा लागतो. व्यायामाच्या बाई आठवड्यातून तीनदा येतात आणि तिला पलंगापासून खिडकीपर्यंत चालवतात. अजून पोचलेली नाही. अर्ध्यात खुर्ची ठेवली आहे, तिथपर्यंत येते आणि बाईंकडे असं बघते, की जणू खुर्ची त्यांनीच चोरून आणली आहे.

आता माझं. पाणीपुरवठा कार्यालयात बावीस वर्षं मी मीटरच्या नोंदी वह्यांत लिहिल्या. जुलैपासून वह्या बंद. आम्ही अकरा जण आहोत. सहा जणांना नव्या संगणक कक्षात घेणार, उरलेल्या पाच जणांची रवानगी पंपघरावर. ते चार तासांवर आहे. तिथे व्यायामाच्या बाई नाहीत, धड दवाखानाही नाही. आईला नेता येणार नाही आणि मागे ठेवून जाता येणार नाही. म्हणून मला त्या सहांत यायचंच आहे.

निवडीसाठी प्रोग्राम लिहायची सात उदाहरणं दिली आहेत. प्रत्येक तीनदा देऊन पाहता येतं. यंत्र फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणतं. का चूक, ते सांगत नाही. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत, पण बोलतात हेडमास्तरांसारख्या. घरी कुणालाही विचारा म्हणतात. मात्र शेवटी प्रत्येक ओळ का लिहिली, ते त्यांच्यासमोर सांगावं लागणार. सातही बरोबर आल्याशिवाय नावाचा विचारच होणार नाही. माझी सहा झाली. सातवं एकदा चुकलं आहे. मी नऊ पानांसाठी एक सूत्र केलं होतं आणि नव्व्याण्णव पानांसाठी दुसरं, पुढे जमेना. मॅडम म्हणाल्या, "ताई, सूत्रांच्या मागे लागू नका. लूप वापरा." लूप म्हणजे एकच काम यंत्राकडून फेऱ्याफेऱ्याने करून घ्यायचं. शब्द कळला, पण करायचं कसं ते कळलं नाही.

उदाहरण छापखान्यातलं आहे म्हणून तुमची आठवण आली. जसंच्या तसं उतरवते:

"पुस्तकाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पानावर क्रमाने आकडा छापला आहे. ९ या आकड्याला एक अंक लागतो, १० ला दोन, १०० ला तीन. सर्व आकडे छापायला एकूण किती अंक लागले ते दिले आहे. त्यावरून पाने किती ते सांगणारा प्रोग्राम लिहा. जुळत नसेल तर उत्तर शून्य द्या."

नमुना उत्तर दिलेलं नाही. मॅडमचं म्हणणं, नमुना दिला की लोक उत्तर त्याच्या मापाने शिवतात. शेवटची तारीख २ एप्रिल.

आई म्हणते, त्याला विचार. त्याने जन्मभर दुसरं केलंय काय?

तुमची,
घाई

*

७ मार्च

प्रिय घाई,

तुझे पत्र मिळाले. नेहमीप्रमाणे तपासून सोबत परत पाठवीत आहे. लाल खुणा एकूण एकतीस आहेत. मागील पत्रात चव्वेचाळीस होत्या, तेव्हा प्रगती आहे असे समजतो. जेथे तू 'पान' लिहिले आहेस, तेथे 'पृष्ठ' हवे. पानाला दोन बाजू असतात, पृष्ठ ही त्यांतील एक. ज्याने हे उदाहरण रचले, त्याला छापखान्याची हवा लागलेली दिसत नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी बारीक तिरपी खूण आहे, तिचा अर्थ तुला लहानपणापासून ठाऊक आहे: ही ओळ वाचली.

हे उदाहरण मला नवे नाही. आमच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे मुबलक होते, परंतु अंकांच्या खिळ्यांची सदैव टंचाई. पुस्तक हाती आले की मालक विचारीत, "मुद्रितशोधक, खणात आहेत तेवढ्या अंकांत किती पृष्ठे निघतील?" वास्तविक हे काम खिळे जुळविणाऱ्याचे, म्हणजे जुळाऱ्याचे. परंतु जुळारी घाईचा होता, तुझ्यासारखा. म्हणून ते मजकडे येई.

मी सूत्र मांडीत नसे. अंकांचे खिळे एका ताटलीत घेऊन बसे. एका पृष्ठाचा आकडा लावायचा, त्याला लागतील तेवढे खिळे ताटलीतून काढायचे, आणि पुढचे पृष्ठ घ्यायचे. आकडा एकअंकी असेल तोवर एक खिळा. दहावर पोहोचताच दोन. शंभरावर पोहोचताच तीन. ताटलीत काही शिल्लक आहे तोपर्यंत हे चालू ठेवायचे. ताटली नेमकी रिकामी झाली, तर शेवटचे पृष्ठ हेच उत्तर. एखाद्या आकड्याला खिळे अपुरे पडले, तर जुळले नाही असे मालकांना स्पष्ट सांगायचे. अर्धा आकडा कोणी छापीत नाही. तुझ्या मॅडम ज्याला लूप म्हणतात, ते याहून वेगळे असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा दोनच गोष्टी निश्चित कर. प्रत्येक फेरीत काय करायचे, आणि थांबायचे कधी. सुरुवात कोठून करायची हे ज्याला त्याला ठाऊकच असते. त्यावर मी शाई घालवीत नाही.

पडताळण्यासाठी तक्ता देत आहे. ८ अंक, ९ पृष्ठे. १० अंक, १० पृष्ठे. १८८ अंक, ९९ पृष्ठे. १९१ अंक, १०० पृष्ठे. २८९२ अंक, १००० पृष्ठे. हे आकडे मला चाळीस वर्षे तोंडपाठ आहेत. उत्तरे याच्याशी ताडून पाहा आणि मगच यंत्राच्या हवाली कर.

ताईची पावले किती होतात? 'अजून पोचलेली नाही' हे उत्तर नव्हे. आकडा लिही.

तुझा,
मामा

*

११ मार्च

मामा,

तुमची ताटली वाचली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण खरं सांगू? पुरतं कळलं ते आईमुळे.

व्यायामाच्या बाईंनी तिला बारा पावलं ठरवून दिली होती. बारा झाली की बसायचं. थकलेली असली की पावलं लहान पडायची आणि बारा संपली तरी खुर्ची दूरच. मंगळवारी अंगात जोर होता, तर दहाव्या पावलालाच खुर्चीवर गुडघा आपटला, तरी हट्टाने उरलेली दोन जागच्या जागी टाकली. बारा म्हणजे बारा. भाऊ कुणाचा आहे ते लगेच कळतं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आता मोजायचं नाही. हात खुर्चीला लागेपर्यंत चालायचं." मी दारात उभी होते, हातात तुमचं पत्र. म्हटलं, अगं, हेच की! किती फेऱ्या ते आधी ठरवायचंच नाही. ताटलीत खिळे आहेत तोपर्यंत.

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रोग्राम लिहिला. 'उरलेले' नावाच्या डब्यात अंक ठेवले. 'पान' नावाचा डबा प्रत्येक फेरीत एकाने वाढतो. (पृष्ठ लिहिलं असतं, पण यंत्राला जोडाक्षर चालत नाही, असं समजा.) 'लांबी' म्हणजे त्या पानाला किती अंक. पान दहा झालं की लांबी दोन, शंभर झालं की तीन, दर दहापटीला एक वाढ. फेरीच्या शेवटी 'उरलेले' मधून लांबी वजा. उरलेलं शून्याच्या वर असेपर्यंत फिरत राहायचं. शेवटी नेमकं शून्य असेल तर पान सांगायचं, शून्याच्या खाली गेलं असेल तर उत्तर शून्य. एवढंच. बारा ओळी. शेजारच्या टेबलावरचा मीटरवाला, तोही आमच्या अकरांतलाच, म्हणाला, "ताई, तुम्ही हसताय की दात दुखतोय?"

पण मामा, तुमच्या तक्त्याशी एकही उत्तर जुळत नाही. ८ अंक दिले तर ८ पानं सांगतो, तुमची ९. १८८ दिले तर शून्य म्हणतो. १८९ दिले की मग ९९ येतात. सगळीकडे एकाचा फरक. तासभर बघितलं, कुठे चुकते ते सापडत नाही.

आईची पावलं मोजली नाहीत. आता मोजायची नाहीत, असं ठरलंय.

घाई

*

१५ मार्च

प्रिय घाई,

खुणा सव्वीस. डब्यांची कल्पना नीट मांडली आहेस. वाचून समाधान वाटले. तेवढ्यापुरते तुझे टोपणनाव मागे घ्यावे असेही क्षणभर वाटले, परंतु पुढचा परिच्छेद वाचला.

सर्वत्र एकाचा फरक पडतो याचा अर्थ मधले काम निर्दोष आहे. दोष सुरुवातीला असेल किंवा शेवटाला. शेवट तू व्यवस्थित सांगितला आहेस, तेव्हा सुरुवात पाहा. पहिल्या फेरीत काही तरी अधिकचे वजा होत आहे. तक्ता चुकणार नाही. त्या तक्त्यावर आम्ही तीनशेहून अधिक पुस्तके छापली आणि एकदाही खिळे कमी पडले नाहीत. तुझे यंत्र कालचे आहे.

तक्त्याशी जुळल्याशिवाय देऊ नकोस. तुला शाळेत पाटी पुरती लिहून होण्याआधी गुरुजींच्या हाती द्यायची सवय होती, आणि पाचांपैकी चार गणिते बरोबर असूनही तू रडत घरी येत असस. या वेळी पाचवे गणित पुरे होऊ दे.

पावले मोजायची नाहीत हे ठरविणाऱ्या बाई कोण? ज्याची मोजणी नाही, ते वाढले की घटले हे कळणार कसे? मला आकडा हवा. ताईला हे वाचून दाखव.

मामा

*

१९ मार्च

मामा,

तक्त्याशी सगळं जुळवलं. परवा दिलं. 'चूक' आलं.

कुठेतरी माझीच घाई झाली असेल. आता एकच संधी उरली आहे. तुम्ही त्रास करून घेऊ नका, मी बघते. आई बरी आहे. तुम्हाला आठवते.

घाई

*

२२ मार्च

प्रिय घाई,

तुझ्या पत्रात या खेपेस एकही लाल खूण करावी लागली नाही. पंचेचाळीस वर्षांत हे प्रथमच घडले, आणि मला ते मुळीच आवडले नाही. तू जेव्हा मनापासून लिहितेस, तेव्हा चुका करतेस.

तू लिहितेस, तक्त्याशी जुळले आणि तरी चूक ठरले. मग घाई कोठे झाली? घाई झाली असती, तर जुळले नसते. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असतील, तर खोटी ठरणारी गोष्ट एकच उरते, आणि ती तुझी नव्हे. 'कुठेतरी' या शब्दामागे तू काही लपवीत आहेस. मी मुद्रितशोधक आहे, शब्दामागे काय लपते ते शोधण्यातच माझे आयुष्य गेले.

तुझे ३ मार्चचे पत्र, जे मी लाल खुणा करून परत पाठविले होते, ते मला उलट टपाली धाड. उदाहरणाचा मूळ कागदही धाड. सबबी नकोत. तू पाठविले नाहीस, तर मी स्वतः येऊन घेईन. आणि तुला ठाऊक आहे, मी गेले पाच महिने आलेलो नाही.

मामा

*

२५ मार्च

मामा,

पत्र आणि कागद सोबत आहेत. मी पाठवणार नव्हते. आईने लावलं.

काय झालं ते आता सरळ सांगते. 'चूक' आलं त्या दुपारी मी घरी येऊन आईजवळ बसले आणि तुमचा तक्ता तिला वाचून दाखवला. ती ऐकत होती. आठ अंकांत नऊ पानं, एवढं म्हणाले आणि तिने डावा हात वर केला. मग शब्द शोधायला लागली. मामा, किती वेळ लागला सांगू! मी दोनदा चुकीचा शब्द पुढे केला, तर माझ्या हातावर चापट मारली. शेवटी म्हणाली, "पहिल्यावर... नसतो."

काय नसतो?

"आकडा. पहिल्यावर नसतो. आपल्याकडे."

तुमच्या छापखान्यात ती बांधणी विभागात नऊ वर्षं कागदांना घड्या घालायची, हे मी विसरलेच होते. घडी घालताना पृष्ठांक बघूनच घालायची ना. तिला आठवतंय, पहिलं पृष्ठ नेहमी कोरं, आकडा दोनपासून. मालकांचंच म्हणणं, म्हणे, की घराच्या उंबऱ्यावर कुणी आकडा लिहीत नाही. म्हणून तुमच्या तक्त्यात सगळीकडे एक खिळा कमी. तुमच्या छापखान्यासाठी तक्ता अगदी बरोबर आहे. उदाहरणात मात्र पहिल्या पानावरही आकडा आहे. माझा आधीचा प्रोग्राम बरोबर होता. तुमच्या तक्त्याशी जुळवण्यासाठी मी तो बिघडवून दिला.

हे कळलं तेव्हा तुम्हाला सांगायचं नाही असं मी ठरवलं. म्हटलं, चाळीस वर्षं तोंडपाठ असलेलं. पण परवाचं तुमचं पत्र आईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "पाठव. लपवलेलं... त्याला जास्त लागेल."

आता सगळं हातात आहे, जुना प्रोग्राम तसाच ठेवला आहे, तरी द्यायला हात उठत नाही. ही शेवटची वेळ. यंत्राच्या पडद्यासमोर बसते, बोट त्या बटणावर ठेवते आणि परत घेते. मीटरवाला कालच पंपघरावरची खोली बघून आला, स्वतःसाठी. म्हणाला, खिडकी भिंतीकडे उघडते.

घाई

*

२८ मार्च

प्रिय घाई,

तुझे ३ मार्चचे पत्र समोर घेऊन बसलो आहे. उदाहरणाच्या पहिल्याच वाक्यात 'पान' हा शब्द तीनदा आला आहे आणि मी तो तीनही ठिकाणी खोडून वर 'पृष्ठ' असे लिहिले आहे. म्हणजे माझी लेखणी त्या वाक्यात तीनदा थांबली. 'पहिल्या' या शब्दाच्या अगदी शेजारी थांबली, 'प्रत्येक' या शब्दाच्या शेजारी थांबली. ओळीच्या शेवटी माझी तिरपी खूण आहे. ही ओळ वाचली, असे ती सांगते. ती खूण खोटी आहे. मी ओळ तपासली, वाचली नाही. मला काय लिहिलेले असणार ते आधीच ठाऊक होते, तेच मला दिसले.

आणि त्याहून वाईट असे, की तू 'एकाचा फरक पडतो' असे कळविल्यावर मी तुला सुरुवात पाहा असे सांगितले, स्वतः पाहिली नाही. सुरुवात कोठून करायची ते सर्वांना ठाऊक असते, असे मीच आदल्या पत्रात ऐटीत लिहिले होते. ते कोणालाही ठाऊक नसते. ज्याच्या त्याच्या छापखान्यात ते निराळे असते.

हस्तलिखितात चूक आढळली की लेखकाकडे जाऊन ती दाखवायची, ही माझी नोकरी होती. स्वतःची चूक दाखविण्याचा प्रसंग कधी आला नाही, म्हणून पद्धत ठाऊक नाही. तुझी एक संधी माझ्यामुळे वाया गेली. तिला घाई कारण नव्हती. यापुढे मी तुला त्या नावाने संबोधणार नाही, फक्त पत्राच्या आरंभी सवयीने आले ते आले.

आता पुढचे. मी नवा तक्ता केला आहे, आणि या वेळी तोंडपाठ म्हणून नव्हे. काल सकाळी बसलो आणि एकपासून हजारपर्यंत सर्व आकडे एकाखाली एक हाताने लिहून काढले. प्रत्येकाचे अंक मोजले आणि बेरीज पुढे नेली. पाच तास लागले. चष्मा दोनदा पुसला. तुझ्या यंत्राला पापणी लवायलाही वेळ लागत नसेल, पण माझा फेरा असा आहे. उत्तरे अशी: ९ अंक, ९ पृष्ठे. १० अंक, शून्य. ११ अंक, १० पृष्ठे. १८९ अंक, ९९ पृष्ठे. १९० आणि १९१, दोन्हींना शून्य. १९२ अंक, १०० पृष्ठे. २८८९ अंक, ९९९ पृष्ठे. २८९३ अंक, १००० पृष्ठे.

तुझा प्रोग्राम यांच्याशी ताडून पाहा. मात्र जुळले नाही, तर या वेळी तक्त्यावर विश्वास ठेवू नकोस. दोन्ही पुन्हा वाच. आणि जुळले, तर बोट उचलू नकोस. दाबून मोकळी हो. शंभर पृष्ठांचे मुद्रित मी रोज सोडीत असे. सोडताना हात प्रत्येक वेळी थरथरे, आणि थरथरतच मी सही करीत असे. थरथर थांबण्याची वाट पाहिली असती, तर एकही पुस्तक बाहेर पडले नसते.

एक गोष्ट उरली. पाच महिने मी आलो नाही, आणि दर वेळी गुडघ्याचे, गाडीच्या गर्दीचे कारण लिहिले. ते खोटे नव्हते, पुरे नव्हते. ताईला बोलताना शब्द सापडत नाही आणि मला सापडलेला शब्द ऐकू येत नाही. आम्ही दोघे समोरासमोर बसून करणार काय, या विचाराने मी पावलांचे आकडे मागवीत राहिलो. आकडा पत्रातून येतो. तिला समजावून सांग.

मामा

*

३ एप्रिल

मामा,

'बरोबर' आलं! हिरव्या अक्षरांत.

काल सकाळी तुमचा तक्ता शेजारी ठेवून एकेक आकडा दिला. नऊही उत्तरं जुळली. मग तक्ता बाजूला ठेवला, उदाहरणाचा कागद बोट ठेवून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, प्रोग्रामच्या बारा ओळी वाचल्या. बोट थरथरत होतं. दाबलं. मीटरवाल्याने वळून बघितलं आणि म्हणाला, "आता तरी हसा नीट."

दुपारी मॅडमनी समोर बसवलं. पहिलीच ओळ, "पान शून्यापासून का?" मी म्हटलं, फेरीत शिरल्यावर ते एक होतं म्हणून. "लांबी कधी वाढते?" सांगितलं. "थांबता कधी?" सांगितलं. मग दुसऱ्या वेळी चुकलेला प्रोग्राम त्यांनी काढला. म्हणाल्या, "हे काय होतं? यात पहिल्या पानाचा अंक वजाच केला नाही तुम्ही. हे कुणी शिकवलं?"

मी सांगितलं, तो एका खऱ्या छापखान्याचा प्रोग्राम आहे. पहिल्या पानावर आकडा न छापणाऱ्या. तिथे तोच बरोबर आहे.

मग कागदाच्या मागे त्यांनी लिहिलं: "पुस्तक पहिल्या पाच पानांनंतर आकडे छापायला सुरुवात करतं. प्रोग्राममध्ये काय बदलाल?" म्हटलं, एकच ओळ, सुरुवातीची. पान पाचपासून धरायचं, बाकी सगळं तसंच. हेडमास्तरीण हसली, मामा. दात दिसले. म्हणाल्या, "ताई, इतक्या जणांना शिकवलं. लूपमध्ये काय होतं ते सगळे सांगतात. तो कुठून सुरू होतो, ते विचारलं की गप्प होतात."

आज दुपारी यादी लागली. सहांत माझं नाव चौथं आहे. मीटरवाल्याचं सहावं. त्याने पंपघराची खोली नको म्हणून लगेच फोन केला. आई इथेच राहणार. बाईही येत राहणार.

घरी आले तेव्हा आई पलंगावर नव्हती. मग पाहिलं तर खुर्ची बाजूला सरकवलेली, बाई दोन पावलं मागे उभ्या, आणि आईचा डावा हात खिडकीच्या चौकटीवर. रस्ता बघत होती. मी विचारलं, "किती पावलं झाली गं?" तुम्हाला लिहायचं होतं म्हणून. तिने मान हलवली. "पोचले," म्हणाली.

मग तुमचं पत्र वाचून दाखवलं, शेवटच्या परिच्छेदासकट. तिने पुन्हा वाचायला लावलं. उत्तर द्यायला तिला बराच वेळ लागला, पण मी मध्ये शब्द पुढे केला नाही, चापट खायची हौस नव्हती. तिचे शब्द जसेच्या तसे देते:

"मी हळू बोलते. तो हळू ऐकतो. जमेल."

तुमची,
घाई

(हे नाव राहू द्या. मला आवडतं.)

*

६ एप्रिल

प्रिय घाई,

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वेळी लाल लेखणी हाती घेतली नव्हती. दुसऱ्या वेळी घेतली, पण चष्मा सारखा पुसावा लागला, तेव्हा खुणा तशाच राहिल्या.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने निघतो. ताईला सांग, की मी गल्लीच्या तोंडाशी पोहोचेन तेव्हा खिडकीशी उभी राहा. मी हात करीन. किती पावले झाली ते विचारणार नाही.

मामा